पारदर्शक काच पेन्सिलीनं कशी काढायची: सुरुवात एका साध्या पेल्यापासून

काच काढायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हाच प्रश्न पडतो: हिला छटा कुठली द्यायची? किती गडद करायचं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर काचेकडे नसतं. स्वच्छ काचेला स्वतःची छटा जवळपास नसतेच. तिच्यात दिसतं ते सगळं आजूबाजूचं. मागचं कापड, टेबलाची कड, खिडकी, दिवा, कधी कधी चित्र काढणाऱ्याचा हातसुद्धा. काच हे सगळं वाकवते, ताणते, चेपते, काही ठिकाणी उलटं करते. पेल्याचं चित्र काढणं म्हणजे पेल्याच्या आकारात सापडलेला परिसर काढणं, एवढं मनाशी धरून बसलात तर निम्मं अवघड काम हलकं होतं.

यामागचं कारण थोडक्यात समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. काचेवर समोरून सरळ येणाऱ्या प्रकाशापैकी एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्केच परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. म्हणून पेल्याच्या मधल्या भागातून आपल्याला आरपार दिसतं. दोन्ही बाजूंच्या कडांशी मात्र आपली नजर काचेला घासून जाते. तिथे परावर्तन झपाट्यानं वाढतं आणि आरपार येणारा प्रकाशही सर्वांत जास्त वळतो. परिणामी मध्यभाग शांत, आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सगळी गर्दी कडांना आणि तळाला. चित्रातही तसंच हवं.

पेला निवडा आणि मांडा

सरळ भिंतींचा, नक्षी किंवा छाप नसलेला, जाड तळाचा पेला घ्या. पैलू पाडलेली काच दिसायला मोहक असते, पण तिच्यात शेकडो छोटे तुकडे चमकतात आणि नवखा माणूस तिथेच हरवतो. पेला धुऊन कोरडा पुसा. बोटांचे ठसे राहिले तर ते डाग तुम्ही इमानेइतबारे काढत बसाल. मग त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा.

आता मांडणी. या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा, कारण काचेच्या बाबतीत अर्धं चित्र मांडणीतच तयार होतं. पांढऱ्या भिंतीसमोर चारी बाजूंनी उजेड असलेल्या खोलीत पेला ठेवला, तर त्यात काढण्यासारखं फारसं काही उरत नाही. काचेच्या वस्तूंची छायाचित्रं काढणारे एक साधा नियम पाळतात: मागे उजळ पार्श्वभूमी असेल तर काचेची कड गडद उमटते, मागे गडद पार्श्वभूमी असेल तर कड उजळ उमटते. आपण दोन्ही एकाच चित्रात घेऊ. पेल्याच्या मागे सुमारे वीतभर अंतरावर एक पुठ्ठा उभा करा. त्याचा डावा अर्धा भाग काळ्या कागदानं किंवा कापडानं झाका, उजवा पांढरा ठेवा. दोन्हींची सीमा पेल्याच्या बरोबर मागे, किंचित डावीकडे येऊ द्या.

उजेड एकच हवा. एका बाजूची खिडकी किंवा टेबललॅम्प पुरतो. बाकीचे दिवे बंद करा, नाहीतर प्रत्येक दिवा काचेत आपली चमक सोडतो आणि कुठली ठेवायची, कुठली गाळायची हे ठरवता येत नाही. खिडकीचा उजेड सुंदर असतो, पण तो सरकतो. पहिल्या चित्राला लॅम्प बरा.

बसण्याची जागा अशी निवडा की पेल्याचं तोंड लंबगोल दिसेल, फार उघडं नको आणि अगदी चपटंही नको. मग खुर्चीच्या पायांशी आणि पेल्याभोवती खडूनं खुणा करा. मान दोन बोटं सरकली तरी काचेतले आकार बदलतात. इतकंच कशाला, डाव्या आणि उजव्या डोळ्यालाही चमक वेगवेगळ्या जागी दिसते. एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा, लगेच लक्षात येईल. म्हणून बारकावे टिपताना एकच डोळा उघडा ठेवायचा आणि शेवटपर्यंत तोच.

साहित्य

२एच किंवा एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या पेन्सिली (एच म्हणजे कडक आणि फिकी, बी म्हणजे मऊ आणि काळी, एचबी मधली). १७९५ मध्ये फ्रान्समधल्या निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून शिसं भाजण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकं, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळं. आजही पेन्सिलींची प्रतवारी याच मिश्रणावर चालते. कागद गुळगुळीत पण थोडा दाणा असलेला आणि जाडसर घ्या, १५० जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा. एक साधं खोडरबर आणि एक कणकेसारखं मळता येणारं नीडेड इरेजर. हाताखाली ठेवायला एक कोरा कागद. बोटानं घासून छटा पसरवायची सवय असेल तर ती इथे सोडा. त्वचेचं तेल कागदात मुरतं आणि तिथे नंतर पेन्सिल सारखी बसत नाही. मी सुरुवातीची कितीतरी चित्रं अशी बोटानं घासून मळवली. काच निघेना, सगळं धुरकट व्हायचं आणि कारण खूप उशिरा उमगलं: काचेला तीक्ष्ण कडा लागतात, आणि बोट नेमक्या त्याच पुसून टाकतं.

सांगाडा

पेला कागदावर निदान १५ सेंटिमीटर उंच काढा. लहान चित्रात तळाशी चालणारा खेळ मांडायला जागाच उरत नाही.

हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर पेल्याच्या तोंडाची रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. त्या मापाचा आयत एच पेन्सिलीनं अगदी फिका काढा आणि त्यात मधोमध एक उभी रेघ मारा. ही पेल्याची आस. पुढचे सगळे लंबगोल या रेघेवर बेतायचे. प्रत्येकाची डावी बाजू आणि उजवी बाजू या रेघेपासून सारख्याच अंतरावर हवी.

लंबगोल किती लागतील ते मोजा. तोंडाचे दोन, कारण काचेला जाडी असते: बाहेरचा आणि आतला. पाण्याच्या पातळीचा एक. तळाचे दोन: पोकळीचा तळ आणि टेबलावर टेकलेला बाहेरचा तळ. असे पाच. सगळे पूर्ण काढा, मागची बाजू दिसत असो वा नसो. काचेत ती बहुतेक वेळा दिसतेच.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, तळ सपाट रेघेनं काढण्याची. टेबल सपाट आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि हात डोळ्यांऐवजी त्या माहितीचं ऐकतो. प्रत्यक्षात तोंड आपल्या नजरेच्या पातळीला जवळ असतं आणि तळ तिच्यापासून लांब, त्यामुळे आपण तळात जास्त वरून डोकावत असतो. म्हणून खालचा लंबगोल वरच्यापेक्षा जास्त फुगीर दिसतो, आणि पाण्याच्या पातळीचा या दोघांच्या मधला. खात्री करायची असेल तर मान हळूहळू खाली नेऊन डोळे पेल्याच्या तोंडाच्या रेषेत आणा. तोंडाचा लंबगोल मिटत मिटत एक आडवी रेघ होईल, तळ मात्र तेव्हाही वळलेलाच असेल. दुसरी चूक म्हणजे लंबगोलाची टोकं बदामासारखी निमुळती करणं. टोकं कितीही चपटी असली तरी गोलच वळतात.

तोंडाच्या दोन लंबगोलांमधली फट सगळीकडे सारखी नसते. डावी-उजवीकडे ती रुंद, पुढे आणि मागे अरुंद. एवढी बारीक गोष्ट बरोबर आली की काचेची जाडी आपोआप जाणवायला लागते.

लंबगोल नीट येत नसतील तर चित्र बाजूला ठेवा. रद्दी कागदावर मनगट न हलवता खांद्यापासून हात फिरवत वीस-तीस लंबगोल काढा. मग चित्राचा कागद उलटा धरून पाहा. तिरपेपणा लगेच डोळ्यात भरतो.

आकारांचा नकाशा

आता छटा भरायची घाई नको. डोळे किलकिले करून पेल्याकडे पाहा. बारकावे विरघळतील आणि काही मोठे गडद-उजळ तुकडे उरतील. त्या तुकड्यांच्या सीमा फिक्या रेघेनं पेल्यात काढून घ्या. एखाद्या प्रदेशाचा नकाशा काढावा तसं: इथे एक लांबट पट्टा, इथे कोर, इथे पाचर, इथे थेंबासारखा तुकडा. 'हे पाण्याचं प्रतिबिंब असणार', 'ही मागची कड असणार' असं मनाशी बोलू नका. नाव दिलं की हात पाहणं थांबवतो आणि आठवणीतलं काढायला लागतो. कोरेची कोर काढा, ती कशाची आहे हे नंतर कळलं तरी चालेल.

चमकणारे ठिपकेही याच वेळी आखून घ्या. ते कोऱ्या कागदाचेच राहणार आहेत आणि एकदा तिथे ग्रॅफाइट लागलं की कागद पुन्हा तितका पांढरा होत नाही.

तळाच्या जाड काचेत सर्वांत जास्त तुकडे सापडतील. भिंतीतून आलेला, तळातून आलेला, टेबलावरून उसळलेला, सगळा प्रकाश तिथे एकवटतो. चित्रातला सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा तुकडा बहुधा तिथे एकमेकांना खेटून असतात. या दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्याला बाकी सगळ्या पेल्याइतका वेळ द्या. माझ्या मते काच खरी वाटते की नाही याचा निकाल तिथेच लागतो.

छटा

कागदाच्या कडेला पाच चौकोनांची एक पट्टी करा: कोरा कागद, फिकी, मध्यम, गडद, सर्वांत गडद. चित्रातला प्रत्येक तुकडा या पाचांपैकी कुठल्या चौकोनाला जवळ आहे ते ठरवत जायचं.

आधी पार्श्वभूमी. बरेच जण ती शेवटी ठेवतात आणि तिथे फसतात. पांढऱ्या कागदावर पेल्याची उजळ कड दिसणार तरी कशी? डावीकडचा काळा भाग प्रथम भरा, २बीनं हलके एकावर एक थर देत. पेल्याच्या बाहेर जी छटा आहे, जवळजवळ तीच पेल्याच्या मधल्या रिकाम्या भागातूनही पलीकडे जाऊ द्या, फार तर किंचित वेगळी. मागची छटा वस्तूच्या आत शिरलेली दिसली की पाहणारा तिला पारदर्शक मानतो. पेला आतून कोरा ठेवून बाहेरच रंगवलात तर तो पांढऱ्या प्लास्टिकचा वाटेल.

मग सर्वांत गडद तुकडे, ४बी आणि ६बीनं. त्यांचं क्षेत्र लहान असतं, पण बाकी सगळ्या छटांचं माप त्यांच्यावरून ठरतं. दाबून काळं करू नका. दाबलं की ग्रॅफाइट चकाकतं आणि एका बाजूनं पाहिल्यावर करडं दिसतं. टोक तासून, हलक्या हातानं, दोन-तीन दिशांनी थर द्या. मऊ पेन्सिलीनंतर कागदाच्या दाण्यात पांढरे ठिपके राहिले तर वरून एचबी फिरवा, ते भरून येतात.

शेवटी मधल्या छटा. काचेत त्या वाटतात त्यापेक्षा कमी असतात. मातीच्या मडक्यावर उजेडापासून सावलीपर्यंत छटा हळूहळू उतरत जाते. काचेत ती उडी मारते: काळ्याच्या लगेच शेजारी पांढरं, मध्ये पायरीच नाही. मडक्यावर शिकलेली मऊ छटा इथे वापरली की वस्तू मेणाची दिसते.

कडांबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. पेल्याभोवती एकसारखी जाड बाह्यरेषा फिरवू नका, नाहीतर तारेचा सांगाडा तयार होतो. खऱ्या पेल्याची कड नीट पाहा. एका ठिकाणी ती गडद आहे, थोडं पुढे उजळ होते, आणि कुठेतरी मागच्या छटेत विरून पूर्ण नाहीशी होते. ती जिथे नाहीशी होते तिथे चित्रातही नाहीशी होऊ द्या. सुरुवातीला हात धजावत नाही. पण पाहणाऱ्याचा डोळा तेवढी कड स्वतः जोडून घेतो.

पाण्याचा भाग

पाणी भरायला सांगितलं ते याचसाठी. पेल्याचा वरचा रिकामा भाग आणि खालचा पाण्याचा भाग हे जणू दोन वेगळे पदार्थ आहेत. रिकाम्या भागात काचेच्या दोन पातळ भिंती असतात, त्यातून मागचं दृश्य फारसं न बदलता दिसतं. पाण्यानं भरलेला गोल पेला मात्र भिंगासारखा वागतो आणि मागचं दृश्य डावं-उजवं उलटवतो.

तुमच्या मांडणीत पाहा: काळा कागद डावीकडे आहे, पण पाण्यात काळा पट्टा उजवीकडे दिसेल. अजून पटत नसेल तर कागदावर आडवा बाण काढा आणि तो पेल्याच्या मागे चिकटवून धरा. बाण मोठा होईल, पण दिशा तीच राहील. मग कागद हळूहळू मागे न्या. एका अंतरावर बाण विस्कटेल आणि त्यापुढे उलट्या दिशेनं उभा राहील. पेला ७ सेंटिमीटर रुंद असेल तर मागच्या भिंतीपासून साधारण साडेतीन सेंटिमीटरपलीकडे हे घडू लागतं. पार्श्वभूमी वीतभर मागे ठेवायला सांगितली तेव्हा हेच मनात होतं.

चित्रात हा उलटा काळा पट्टा निःशंकपणे काढा. तो चुकल्यासारखा वाटतो, आणि पेल्यात पाणी आहे हे पाहणाऱ्याला सांगतो तोच.

पाण्याच्या पातळीचा लंबगोल एका रेघेत उरकू नका. काचेला टेकतं तिथे पाणी किंचित वर चढतं. त्यामुळे पातळीच्या कडेला एक अरुंद पट्टी दिसते, काही ठिकाणी झळझळीत, काही ठिकाणी काळी. पुढची कड सहसा ठळक आणि मागची फिकी असते, पण उजेडाप्रमाणे हे बदलतं, म्हणून समोर दिसतं तेच काढा. पाण्यात चमचा किंवा पेन्सिल उभी केली तर ती पातळीशी तुटल्यासारखी, बाजूला सरकलेली आणि खाली जाड झालेली दिसेल. पहिल्या चित्रात ती नसलेली बरी. दुसऱ्यात जरूर घ्या.

चमक

चमक म्हणजे उजेडाच्या उगमाचं प्रतिबिंब, त्यामुळे तिला त्या उगमाचा आकार असतो. खिडकीसमोरच्या पेल्यात खिडकीच दिसते, पेल्याच्या वळणावर वाकलेली, मध्ये गजांच्या रेघांसकट. सतराव्या शतकातल्या डच स्थिरचित्रांमध्ये, उदाहरणार्थ विलेम क्लास हेडा यांच्या चित्रांत, फुगीर पेल्यांवर अशा खिडक्या दिसतात. फुगीर पेला समोर ठेवून नीट शोधलंत तर एकच खिडकी दोनदा सापडते: जवळच्या फुगीर पृष्ठभागावर सुलटी, आणि पलीकडच्या भिंतीच्या आतल्या खोलगट बाजूवर उलटी.

चमकेच्या कडा धारदार ठेवा आणि तिच्या शेजारची छटा नीट गडद करा, कारण कागदापेक्षा पांढरं आपल्याकडे काहीच नाही. चमक वाढवायची असेल तर भोवतीचा भाग काळवंडावा लागतो. नीडेड इरेजरला टोक काढून छोटी चमक उचलता येते, पण ती आखून कोऱ्या ठेवलेल्या जागेइतकी लख्ख होत नाही. पांढरं जेल पेन पहिल्या काही चित्रांत वापरू नका असं मी आवर्जून सांगेन. ते हाताशी असलं की कागद राखण्याची शिस्त लागत नाही. आणि चमका मोजक्या ठेवा. दोन-तीन ठळक, बाकीच्यांवर एचचा एक फिका हात.

सावली

काचेची सावली काळीकुट्ट काढली की पेला एकदम लोखंडी वाटतो. प्रकाश काचेतून पार जातो, त्यामुळे सावली मुळातच फिकी असते, कडांशी आणि तळाशी थोडी गडद. तिच्या आत पाण्यानं गोळा केलेल्या उजेडाचा एक कवडसा पडतो, बऱ्याचदा टेबलाच्या उजळ भागापेक्षाही लख्ख. तो कवडसा कोरा कागद ठेवून काढा आणि त्याच्या कडेला सावलीची सर्वांत गडद छटा आणा. पेला टेबलावर बसतो तिथे, अगदी तळाला लागून, एक बारीक काळी फट द्या. ती नसेल तर पेला तरंगतो. एक सावधगिरी: पाण्यानं भरलेलं गोल भांडं थेट उन्हात तसंच ठेवून उठू नका. तोच कवडसा कागद किंवा कापड जाळू शकतो.

आता चित्र उभं करून पाच-सहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून चित्र आणि पेला एकामागून एक पाहा. पेला धुरकट वाटला तर बहुतेक वेळा तळातले काळे तुकडे पुरेसे काळे नसतात. तिथे ६बीचा आणखी एक थर द्या. कागदी वाटला तर मधल्या भागात पार्श्वभूमीची छटा पुरेशी शिरलेली नसते. तारेसारखा वाटला तर नीडेड इरेजरनं बाह्यरेषा दोन-तीन ठिकाणी उचलून घ्या. एवढं झाल्यावर पेला जागेवरून न हलवता त्यातलं पाणी काढून टाका, नवा कागद घ्या आणि तोच पेला रिकामा काढा. काळा पट्टा पुन्हा डावीकडे गेलेला दिसेल.